इनटेक मॅनिफोल्ड : उष्णता किती, कोठे आणि केव्हा?

जुने पेट्रोल इंजिन ज्यांनी काही वर्षे हाताळले आहे, त्यांना दोन तक्रारी चांगल्या परिचयाच्या असतात. पहिली थंडीतली. ग्वाल्हेरच्या बाजूस जानेवारीच्या पहाटे इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो; सुरू झाले तरी पहिले दोन-तीन किलोमीटर अडखळत चालते आणि ॲक्सिलरेटर दाबताच गुदमरते. दुसरी तक्रार उन्हाळ्यातली. तेच इंजिन मे महिन्यात भर दुपारी बाजारात दहा मिनिटे बंद करून ठेवले, की पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नाही. चढणीवर मध्येच बंद पडते आणि अर्धा तास सावलीत उभे केले, की काही न करता चालू होते. पहिल्या वेळी मालक म्हणतो की इंजिनाला ऊब मिळत नाही. दुसऱ्या वेळी म्हणतो की इंजिन फार तापते. उपाय मात्र दोन्ही वेळा बहुधा अंदाजाने होतो. कोणी थर्मोस्टॅट काढून टाकतो, कोणी एक्झॉस्टमधील झडप तारेने बांधून ठेवतो, तर कोणी कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओततो.

या दोन्ही तक्रारींचा संबंध पुष्कळ वेळा एकाच जागेशी असतो. ती जागा म्हणजे कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधील शाखायुक्त नळ, म्हणजेच इनटेक मॅनिफोल्ड, आणि त्याच्या माथ्यावर बसविलेला कार्ब्युरेटर. या जागेतील उष्णतेचा नियम एका वाक्यात सांगता येतो : उष्णता मिश्रणाला हवी, पेट्रोलच्या वाटीला नको. हा नियम का आहे आणि तो पाळावयाचा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्ब्युरेटरचा काळ संपला, मग हा विषय आता कशासाठी, असे कोणी विचारील. मोटारगाड्यांतील कार्ब्युरेटर सन २००० च्या सुमारास मागे पडला व त्याची जागा इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली, हे खरे आहे. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणीही १ एप्रिल २०२३ पासून चालू ठेवली जात नाही. तथापि खाजगी मालकांकडे जुन्या जीप, ॲम्बॅसडर व फियाट गाड्या अद्याप आहेत. शेतावर लहान पंपसंच आहेत. २०२० पूर्वी विकल्या गेलेल्या बहुतेक दुचाकी कार्ब्युरेटरच्याच आहेत. अशा इंजिनांना आज जे पेट्रोल मिळते ते त्यांच्या घडणीच्या वेळचे पेट्रोल नव्हे. त्यात इथेनॉल मिसळलेले असते आणि त्यामुळे उष्णतेचा हा प्रश्न सुटण्याऐवजी अधिक नाजूक झाला आहे.

१. मॅनिफोल्डमध्ये काय घडते?

कार्ब्युरेटर पेट्रोलची वाफ करतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कार्ब्युरेटर पेट्रोल मोजतो आणि हवेच्या झोतात त्याचे बारीक थेंब करतो. त्या थेंबांपैकी काहींची वाफ वाटेत होते. उरलेले थेंब मॅनिफोल्डच्या भिंतीवर आदळतात आणि तेथे पातळ थर धरून हळूहळू पुढे सरकतात.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्याचा हलका भाग सुमारे ३५ अंश सेल्सियसपासून उकळू लागतो, तर जड भागाची वाफ होण्यास २०० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणून थंड मॅनिफोल्डमध्ये हलका भाग तेवढा वाफेच्या रूपाने हवेबरोबर जातो आणि जड भाग भिंतीवर ओला राहतो. हवा चारही सिलिंडरांना सारखी वाटली जाते, पण ओला थर सारखा वाटला जात नाही. तो वळणावर साचतो, उतार असेल तिकडे ओघळतो. परिणामी एका सिलिंडरला मिश्रण दाट मिळते आणि दुसऱ्याला विरळ. चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन ठिणगी-प्लग काळे आणि दोन पांढरे निघाले, तर मॅनिफोल्डमधील ही असमान वाटणी हे त्याचे एक संभाव्य कारण असते.

दाबाचाही येथे संबंध आहे. इंजिन मंद गतीने चालत असता थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते. त्या वेळी मॅनिफोल्डमधील दाब वातावरणाच्या सुमारे एक-तृतीयांश इतका उतरलेला असतो. कमी दाबाखाली बाष्पीभवन सुलभ होते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला, की पाकळी उघडते, दाब वाढतो आणि वाफेच्या रूपातील पेट्रोलचा काही भाग पुन्हा भिंतीवर बसतो. सिलिंडरला नेमक्या गरजेच्या क्षणी विरळ मिश्रण मिळते व इंजिन गचका खाते. हा खड्डा भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये लहानसा ॲक्सिलरेटर पंप असतो. मॅनिफोल्ड थंड असेल तर तो पंपही अपुरा पडतो.

२. बाष्पीभवन आणि थंडावा

मातीच्या माठातील पाणी का गार होते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना लागणारी सुप्त उष्णता माठातूनच घेतली जाते. पेट्रोलही वाफ होताना अशीच उष्णता घेते. ती हवेतून आणि मॅनिफोल्डच्या धातूतून जाते.

याचा हिशेब करून पाहू. एक किलोग्रॅम पेट्रोलची वाफ होण्यास सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एवढ्या हवेचे व पेट्रोलचे तापमान एक अंशाने उतरविण्यासाठी साधारण १७ किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. ३५० ला १७ ने भागले असता सुमारे २० येतात. म्हणजे बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही आणि सर्व पेट्रोलची वाफ झाली, तर मिश्रणाचे तापमान सुमारे २० अंशांनी उतरेल. बाहेर २५ अंश असेल तर आत ५ अंश होतील. बाहेर १० अंश असेल तर आतील तापमान गोठणबिंदूच्याही खाली जाईल. प्रत्यक्षात इतके होत नाही, कारण तापमान उतरू लागताच बाष्पीभवनच थांबते आणि पेट्रोल ओलेच राहते. थंड इंजिनाला चोक देऊन दाट मिश्रण का पुरवावे लागते, हे यावरून स्पष्ट होईल. पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होतो, म्हणून पेट्रोलच अधिक सोडावे लागते.

या थंडाव्याचा आणखी एक परिणाम क्वचित दिसतो. दाट धुक्याच्या पहाटे, हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असताना, थ्रॉटलच्या पाकळीभोवती बर्फ जमू शकतो. इंजिनाची मंद गती आपोआप उतरत जाते व ते बंद पडते. चालक उतरून झाकण उघडेपर्यंत इंजिनाच्या ऊबेने तो बर्फ वितळलेला असतो आणि इंजिन पुन्हा सुरू होते. दोषाचा पुरावाच नाहीसा होत असल्याने या प्रकाराची शंकाही पुष्कळांना येत नाही. विमानाच्या इंजिनांत मात्र हा धोका इतका गंभीर मानला जातो, की कार्ब्युरेटरकडे गरम हवा वळविणारी स्वतंत्र कळ वैमानिकापाशी असते.

न झालेल्या बाष्पीभवनाची खरी किंमत मात्र पुढे मोजावी लागते. ओले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि दट्ट्याच्या रिंगांवरून खाली उतरून तेलाच्या टाकीत मिसळते. तेल पातळ होते, रिंगा व बेअरिंगे झिजतात. तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन थंड चालत आहे किंवा पेट्रोल गळून आत उतरत आहे, असे समजावे.

३. उष्णता पुरविण्याच्या रीती

जुन्या इंजिनांच्या रचनाकारांनी मॅनिफोल्डला उष्णता पुरविण्याच्या निरनिराळ्या रीती योजल्या होत्या. आपल्या परिचयाच्या वाहनांवरून त्या समजून घेता येतील.

(अ) एक्झॉस्टची उष्णता. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे २.२ लिटरचे इंजिन पाहावे. त्यात आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या झडपा एकाच बाजूला ठोकळ्यात आहेत. इनटेक मॅनिफोल्ड हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसविलेला असतो. दोहोंच्या जोडापाशी एक झडप असून तिच्या दांड्यावर द्विधातू पट्टीचे वेटोळे व एक वजन असते. इंजिन थंड असता ही झडप गरम वायू इनटेक मॅनिफोल्डच्या तळाकडे वळविते. वेटोळे तापले, की झडप फिरते आणि वायू सरळ बाहेर जातात. कोणाच्याही हस्तक्षेपावाचून उष्णता हवी तेव्हा मिळावी आणि नको तेव्हा थांबावी, अशी ही साधी पण विचारपूर्वक केलेली योजना आहे.

ॲम्बॅसडरमधील १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनातही इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूस आहेत. शेजारच्या एक्झॉस्टची ऊब इनटेकला मिळते. तिची मात्रा मात्र वर सांगितल्याप्रमाणे आपोआप कमी-जास्त होत नाही.

(आ) पाण्याची उष्णता. उंच बॉनेटची सीजे-३बी जीप १९५३ मध्ये आली आणि पुढे महिंद्र कंपनीने ती भारतात दीर्घकाळ बनविली. तिचे बॉनेट उंच होण्याचे कारण इंजिनाच्या डोक्यात होते. या इंजिनात आत घेणाऱ्या झडपा डोक्यात नेल्या व बाहेर सोडणाऱ्या झडपा ठोकळ्यातच ठेवल्या. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा न करता डोक्याच्या ओतकामातच घेतला. त्याच्याभोवती इंजिनाचे पाणी खेळते. म्हणून या इंजिनात पाण्याचे तापमान हेच बव्हंशी मॅनिफोल्डचे तापमान ठरविते.

यातून एक महत्त्वाचा व्यावहारिक निष्कर्ष निघतो. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा आपल्याकडे फार आहे. थर्मोस्टॅट काढल्याने रेडिएटरची मूळ शक्ती वाढत नाही. इंजिनाला गरम होण्यास मात्र फार वेळ लागतो आणि थंडीत ते योग्य तापमानाला कधी पोहोचतच नाही. पाण्याने ऊब मिळणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये यामुळे पेट्रोल ओले राहते, खप वाढतो व तेल पातळ होते. इंजिन तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्या, पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप व ठिणगीची वेळ तपासावी. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर त्याच प्रकारचा नवा बसवावा.

(इ) गरम हवा. काही गाड्यांत हवेच्या गाळणीचे तोंड हिवाळ्यात एक्झॉस्टजवळ आणि उन्हाळ्यात त्यापासून दूर वळविण्याची सोय असते. मालक बदलत जातात आणि ही सोय कशासाठी आहे हेच विसरले जाते. हिवाळ्याच्या जागी अडकून राहिलेले तोंड मे महिन्यातही एक्झॉस्टवरचीच हवा ओढत राहते.

(ई) केरोसीनचे इंजिन. उष्णतेचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दिसते ते पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालविण्याच्या पंपसंचात. केरोसीन सुमारे १५० अंशांच्या पुढेच उकळू लागते. थंड इंजिनात त्याची पुरेशी वाफ होणे शक्य नाही. म्हणून इंजिन आधी पेट्रोलवर चालवून चांगले तापू द्यावयाचे आणि मगच तोटी केरोसीनकडे वळवावयाची. १९१७ पासून तयार होऊ लागलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरातही एक्झॉस्टने तापणाऱ्या कक्षात केरोसीनची वाफ करण्याची योजना होती. घाई करून तोटी लवकर वळविणाऱ्या शेतकऱ्याला पांढरा धूर दिसतो आणि काही महिन्यांनी झिजलेल्या रिंगा पाहाव्या लागतात. काम संपविताना शेवटची काही मिनिटे इंजिन पुन्हा पेट्रोलवर चालवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाटीत पेट्रोल असते आणि इंजिन सुखाने सुरू होते.

४. अति उष्णतेचे तोटे

उष्णता चांगली म्हणून ती जितकी अधिक तितकी चांगली, असे मात्र नाही. तापलेली हवा प्रसरण पावते आणि सिलिंडरमध्ये तिचा भरणा कमी होतो. ३० अंश सेल्सियस म्हणजे ३०३ केल्व्हिन आणि ६० अंश म्हणजे ३३३ केल्व्हिन. दाब तोच ठेवून हवा ३० वरून ६० अंशांवर नेली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी उतरते. तेवढे इंधन कमी जळते व शक्ती घटते. भरलेली जीप घाट चढताना हा फरक चालकाला पायाखाली जाणवतो.

दुसरा तोटा ठोक्याचा. आत येणारे मिश्रण आधीच गरम असेल, तर दाबले गेल्यावर त्याचा शेवटचा भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच स्वतः पेटतो. चढणीवर इंजिनातून खडखड असा धातूचा आवाज येतो तो याचाच. तो दीर्घकाळ चालू दिला, तर दट्ट्याचे डोके व गॅस्केट यांना इजा होते.

म्हणून मॅनिफोल्डच्या तळाला थोडी, नेमकी उष्णता मिळावी हे इष्ट. भिंतीवरचा ओला थर सुटावा आणि मिश्रण मात्र फार तापू नये, एवढेच साधावयाचे असते. विलीज जीपच्या इंजिनात गरम वायू कार्ब्युरेटरच्या बरोबर खालच्या जागेकडेच का वळविले, याचे उत्तर येथे आहे. ओले थेंब तेथेच प्रथम आदळतात.

५. वाटी आणि नळी थंड कशी राहील?

आता उन्हाळ्यातील तक्रारीकडे वळू. इंजिन चालू असता पंख्याचा वारा असतो, नवे थंड पेट्रोल सतत वाटीत येत असते आणि बाष्पीभवनाने कार्ब्युरेटर स्वतःही गार राहतो. इंजिन बंद केले, की हे तिन्ही एकदम थांबतात. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डची उष्णता मात्र तशीच असते. ती वर चढते आणि वाटीतील पेट्रोल उकळू लागते. उकळलेले पेट्रोल फवाऱ्याच्या छिद्रांतून मॅनिफोल्डमध्ये सांडते. दहा मिनिटांनी इंजिन सुरू करू गेल्यास ते अति दाट मिश्रणाने गुदमरते. या वेळी चोक ओढणे अगदी चुकीचे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, न हलविता तसाच धरून इंजिन फिरवावे, म्हणजे हवा जास्त जाऊन साचलेले पेट्रोल बाहेर निघून जाते.

चढणीवर मध्येच बंद पडण्याचा प्रकार थोडा वेगळा. तेथे पेट्रोल नळीत किंवा पंपात उकळते आणि वाफेचा बुडबुडा वाट अडवितो. पुष्कळ जुन्या गाड्यांत पंप इंजिनाच्या ठोकळ्यावर बसविलेला असतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतील दाब कमी होतो व पेट्रोल एरवीपेक्षा कमी तापमानालाच उकळते. पंपावर ओला फडका टाकण्याचा चालकांचा जुना उपाय शास्त्राला धरूनच आहे. बाष्पीभवनाने पंप गार होतो. मात्र तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पाणी पडू देऊ नये. बीड तडकते.

कायमचे उपाय तीन आहेत. पहिला, कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये मूळचा उष्णतारोधक ठोकळा असावा. तो बहुधा बेकेलाइटचा असतो. दुरुस्तीच्या वेळी तो तडकलेला आढळला, की त्याच्या जागी पातळ कागदी गॅस्केट घालून काम भागविले जाते आणि तेव्हापासून उन्हाळ्याची तक्रार सुरू होते. दुसरा, एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये पत्र्याचा पडदा मुळात असेल, तर तो गळून पडू देऊ नये. तिसरा, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून शक्य तितकी दूर न्यावी आणि ती मूळच्या पकडींत घट्ट बसवावी. दुचाकीतही कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यामध्ये जो रबरी किंवा उष्णतारोधक तुकडा असतो, तो याच कामासाठी आहे. तो चिरला तर उष्णतारोधाबरोबर हवेचाही बंदोबस्त बिघडतो; बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरळ होते.

६. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुने इंजिन

देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू झाला. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. जुन्या इंजिनाच्या मॅनिफोल्डवर याचे तीन परिणाम होतात.

पहिला परिणाम थंडाव्याचा. एक किलोग्रॅम इथेनॉलची वाफ होण्यास सुमारे ९०० किलोज्यूल लागतात, म्हणजे पेट्रोलच्या अडीचपटींहून अधिक. २० टक्के मिश्रणासाठी वरचाच हिशेब पुन्हा केला, तर तापमानाची घट सुमारे २० अंशांऐवजी सुमारे ३० अंश येते. म्हणजे थंड इंजिनाला ऊबेची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. पूर्वी ज्या इंजिनात गंजून अडकलेली एक्झॉस्टची झडप चालून जात असे, त्यातही आता पहाटे तक्रार येऊ शकते.

दुसरा परिणाम विरळपणाचा. इथेनॉलच्या घटनेत ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळण्यास हवा कमी लागते. एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोलला १४.७ किलोग्रॅम हवा लागत असे; या मिश्रणाला सुमारे १३.५ पुरते. नव्या इंजिनातील संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवितात. कार्ब्युरेटरला तशी समज नाही. तो जुन्याच मापाने इंधन देतो आणि मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी विरळ होते. ज्या इंजिनाचे मिश्रण आधीच विरळ बसविले आहे, ते यामुळे अडखळते. तज्ज्ञ कारागिराच्या सल्ल्याने मुख्य जेट किंचित मोठे बसविता येते. छिद्राचे क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढविण्यास व्यास सुमारे ४ टक्क्यांनीच वाढवावा लागतो. यास्तव तार घालून जेट कोरण्याचा प्रयोग करू नये. त्यात माप राहत नाही.

तिसरा परिणाम वरकरणी उलट भासणारा आहे. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि पेट्रोलच्या हलक्या भागापेक्षा ते कमी उडणारे आहे. तरीही ते पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळले, की मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षा वाढण्याकडे कल असतो. म्हणजे वाटीतले व नळीतले इंधन उन्हाळ्यात उकळण्याचा धोका कमी होत नाही.

थोडक्यात, मिश्रणाला ऊब अधिक हवी आणि वाटीला थंडावाही सांभाळावयास हवा, अशी दुहेरी गरज निर्माण झाली आहे. जुन्या रचनाकारांनी दोन्हींची सोय करून ठेवली होती. आपण ती वाटेत काढून टाकली असेल, तर प्रथम ती पूर्ववत करणे हाच उपाय होय. याखेरीज इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पडदे फुगविते, तेव्हा ते या इंधनास टिकणारे आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे. नळी चिरून तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकले तर आग लागण्याचा धोका असतो.

७. तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी स्वस्त व सोप्या गोष्टीपासून सुरू करावी.

(१) इंजिन पूर्ण थंड असता एक्झॉस्टवरील झडपेचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो सहज फिरून स्वतः मूळ जागी आला पाहिजे. अडकला असेल तर केरोसीन व ग्रॅफाइट यांचे मिश्रण सोडून हलके ठोके देत मोकळा करावा. साधे तेल सोडू नये, कारण ते जळून दांडा पुन्हा जाम होतो. इंजिन तापल्यावर दांडा फिरला की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. तेव्हा त्याला हात लावू नये.

(२) थर्मोस्टॅट जागेवर आहे काय ते पाहावे. शंका असल्यास तो काढून पाण्याच्या भांड्यात तापमापकासह लोंबकळत ठेवावा आणि पाणी तापवावे. तो त्यावर कोरलेल्या तापमानाच्या जवळपास उघडू लागला पाहिजे.

(३) मॅनिफोल्डच्या जोडातून बाहेरची हवा शिरते काय ते पाहावे. इंजिन थंड असतानाच ते मंद गतीने चालवून जोडावर थोडे साबणाचे पाणी सोडावे. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तेथे आहे. या परीक्षेसाठी पेट्रोल कधीही वापरू नये.

(४) कार्ब्युरेटरखालील रोधक ठोकळा, पत्र्याचा पडदा, नळीची वाट आणि हवेच्या गाळणीचे तोंड पाहावे.

(५) हे सर्व झाल्यावरच कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावावा. मॅनिफोल्डच्या तापमानाचा दोष स्क्रूने झाकता येतो. दूर करता येत नाही.

कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतण्याची सवय मात्र पूर्णपणे सोडावी. इंजिनाने उलट धक्का दिला, तर ज्योत थेट कार्ब्युरेटरमधून बाहेर येते आणि हातातील बाटली पेट घेते. हवेची गाळणी जागेवर असली, तर ती अशी ज्योत बहुतांशी आतच अडविते. म्हणून गाळणी काढून इंजिन चालविणेही धोक्याचे आहे.

८. शाळेसाठी एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय पेट्रोलशिवाय, निर्धोकपणे समजावून देता येईल. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्यावर ओला कापडी तुकडा गुंडाळावा, दुसरा कोरडा ठेवावा आणि दोहोंवर पंख्याचा वारा घ्यावा. काही मिनिटांत ओला तापमापक खाली उतरेल. तो किती उतरला याची नोंद मुलांनी रोज करावी. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हा फरक अगदी थोडा येईल, तर ग्वाल्हेर किंवा इंदूरला एप्रिल-मे महिन्यांत तो पुष्कळ मोठा येईल. हवेत आधीच असलेले बाष्प पाण्याचे बाष्पीभवन रोखते, हे त्यावरून कळेल. त्यानंतर ओल्या फडक्याखाली कोमट पाण्याची पिशवी धरून तापमापक पुन्हा वाचावा. थंडावा भरून निघतो आणि फडके लवकर वाळते. मॅनिफोल्डच्या तळाला दिलेली ऊब हेच काम करते.

जुने यंत्र सांभाळणे म्हणजे त्याच्या प्रत्येक भागाचे प्रयोजन जाणून घेणे होय. अडकलेली झडप, हरवलेला ठोकळा, फेकून दिलेला थर्मोस्टॅट हे मोलाने फार थोड्या किमतीचे भाग आहेत. पण त्यांच्या अभावी महिनोन्‌महिने पेट्रोल वाया जाते आणि शेवटी इंजिन खोलण्याची वेळ येते. इंजिन पहाटे उठत नसेल आणि दुपारी बसत असेल, तर कार्ब्युरेटरला दोष देण्यापूर्वी त्याच्या खाली एकदा नजर टाकावी. ऊब तळाला पोहोचते काय आणि वाटीपासून दूर राहते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी दुरुस्ती झाली असे समजावे.